आत्याबाईंचा हात

“हात आणा वं कोणीतरी! हात कुठी गेला? रोपं माना टाकून राह्यली अठी, आन् हात घरी बसून काय करून राह्यला?”

मामाजी, म्हणजे माझे सासरे, वांग्याच्या वावरात मधोमध उभे राहून ओरडत होते. त्यांचा आवाज फार मोठा होता असं मी म्हणणार नाही. पण ते रिठदला आमच्या बांधावरून ओरडले की केनवडच्या बाजारात भाजीवाल्याच्या तागडीचं पारडं हलायचं आणि गिऱ्हाईक उगाच भांडायला उठायचं, एवढं खरं. मी पाच महिन्यांची नवी सून. ओल्या पोत्यात गुंडाळलेली रोपं कडेवर घेऊन बांधावर उभी होते. ‘हात आणा’ ऐकून मी आधी माझे दोन्ही हात पाहिले, मग मामाजींचे पाहिले. चारही जागेवर होते. माझं माहेर धनजचं, जिल्ह्याचं पार दुसरं टोक. तिथं बकऱ्या हरवत, चपला हरवत, पंगतीत वाटी हरवली तर दोन गावांत बोलणं बंद होई. पण माणसाला हाक मारावी तशी हाताला हाक मारताना मी कोणाला पाहिलं नव्हतं.

हात म्हणजे आत्याबाई. माझी सासू, सुभद्रा; आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. भाजीपाला पिकवणाऱ्या आमच्या गल्लीत दसरा सरला की कुठल्याही वावरातलं पहिलं रोप तिच्या उजव्या हातानं लागायचं. तो लागला की बाकीची रोपं कोणीही लावा, गाढवानं लावली तरी धरायची. त्या हाताच्या गोष्टी मला हळद उतरायच्या आत सांगून झाल्या होत्या. तिनं एकदा चिखलात छत्री टेकवून ठेवली, तर संध्याकाळी दांड्याला पालवी. एका लग्नात मांडवाची मेढ तिच्या हातानं रोवली. अक्षता पडेपर्यंत मेढीला फांद्या फुटल्या आणि नवरदेवाचा फेटा त्यात अडकून मुहूर्त टळला. मी सांगतेय त्यातलं निम्मं सोडून द्या. उरलेल्या निम्म्यावर मात्र आमची गल्ली शपथ घ्यायला तयार असे.

तर तो हात हाक ऐकून घरून निघाला. आत्याबाई पदर खोचत, बांधावरून जवळजवळ पळतच आली. पाण्याच्या दांडाशी पाय सरकला, उजवा हात टेकला गेला आणि तुरीची वाळलेली तुऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. तिनं ओरडण्याच्या आधी मामाजी ओरडले. यांनी (‘यांनी’ म्हणजे माझ्या नवऱ्यानं; आमच्याकडं नवऱ्याला नाव नसतं, नुसतं सर्वनाम असतं) तिला फटफटीवर बसवलं आणि रिसोडच्या दवाखान्यात नेलं. धूळ खाली बसली. मामाजी त्या मोकळ्या वाटेकडं बघत राहिले आणि म्हणाले, “हात मोडला.”

तीन हजार रोपं, पाणी सोडलेली वांग्याची सरी, आणि हात मोडला.

*

परवा ओसरीत रोपांचे ट्रे आले. आता गादीवाफे नाहीत, बिया फोकायला कोणी बसत नाही. रोपवाटिकेतून काळे ट्रे येतात. एकेका खळग्यात एकेक रोप, शाळेत प्रार्थनेला उभं राहिल्यासारखं. पण वास तोच. ओल्या मुळांचा, कच्च्या पानांचा, जरा कडवट. बाहेर सोयाबीन निघून गेलेल्या वावरांतून भुशाची धूळ तरंगते, तुरी पिवळ्या फुलांवर आलेल्या असतात, सकाळी तोंडातून पहिल्यांदा वाफ निघते. हा महिना आला की मला माझं उजवं मनगट गार लागतं. कितीही बांगड्या घाला, तेवढी जागा गारच.

आणि भाषेची गंमत वाटायला लागते. लग्नात मामाजी कौतुकानं म्हणाले होते, “घरात दोन हात वाढले.” मी मांडवात बसून विचार केला, दोन हात यांच्याकडं आले, मग उरलेली मी गेली कुठं? धनजलाच राहिली की काय? पुढं कळलं, बोलताना माणूस अख्खं कोणी वापरतच नाही. गाव विचारलं की उंबरे सांगतात. घर विचारलं की चूल. खायला तोंडं, पंगतीला पानं, मतदानाला बोटं, रेशनला अंगठे. सून आली तर म्हणतात पाऊल आलं. त्या पावलाच्या वर साडेपाच फूट बाई आहे, तिला रात्री झोप लागत नाही, तिला आईची आठवण येते, हे पावलाला कोण विचारणार? बाजारात अडत्या कॅरेटमधलं वरचं एक वांगं उचलतो, दाबून बघतो, आणि त्या एका वांग्यावरून खालच्या साऱ्या वांग्यांचं नशीब ठरतं. म्हणून आम्ही वर चांगली मांडतो. वरचं वांगं आणि नवी सून, दोघांनी टवटवीत दिसायचं असतं.

माझी मात्र पावसाळ्यातच पारख होऊन गेली होती. आषाढात हौसेनं, कोणाला न विचारता, बांगड्या किणकिणवत मी मिरचीची एक ओळ लावली होती. चौथ्या दिवशी ती ओळ अशी आडवी झाली, जणू कोणी मेल्याची बातमी आली आणि सगळ्यांनी एकदम अंग टाकलं. कोणी रागावलं नाही. शेजारच्या वच्छलाकाकू फक्त एवढंच म्हणाल्या, “हिच्या हाताले येत नाई.” झालं. डोक्याच्या केसापासून पायाच्या जोडव्यापर्यंत मी एका हातात मावले, आणि तो हात नापास झाला. भाजीवाल्याच्या घरात असं नाव पडलं की बाईला भांडी मिळतात, शेण मिळतं, धुणं मिळतं. वाफा मिळत नाही. आणि मला वाफाच हवा होता. कोरडवाहू गावातून आले होते मी. हिवाळ्यात ओळीनं हिरवं उभं राहिलेलं जन्मात पहिल्यांदा इथं पाहिलं. मेथीचा वाफा सकाळी भिजला की वरून वाफ निघायची, आणि मला वाटायचं, जमीन चहा पिऊन राहिली. त्या हिरव्यात माझं काहीतरी असावं एवढंच वाटत होतं. तो हिवाळा वाया गेला असता आणि त्यात माझा हात दिसला असता, तर मी जन्मभर बांधावर उभी राहून दुसऱ्यांना रोपं देत बसले असते.

*

संध्याकाळी आत्याबाई परत आली. बोटांपासून कोपरापर्यंत पांढरं प्लास्टर, गळ्यात अडकवलेली झोळी, चेहरा पिठासारखा. खाटेवर टेकली नाही तोच अंगणात बाया जमल्या. वच्छलाकाकू सगळ्यांत पुढं. त्यांच्या कांद्याची लावण दुसऱ्या दिवशी होती.

“बाई व, कसा वं हा हात!” काकू प्लास्टरकडं बघत म्हणाल्या. “आता कांदे कोण लावन?”

“डाव्यानं लावून देतो,” आत्याबाई म्हणाली. आमच्याकडं बायाही ‘देतो’, ‘जातो’ म्हणतात; ऐकणाऱ्यानं घाबरू नये.

“डावा हात कायच्या कामाचा?”

“अवं, माणूस तर तेच हाय ना?” मामाजी मध्येच बोलले.

“माणूस तेच हाय, दाजी. हात तो नाई ना.”

यावर बराच वाद झाला. असा वाद काशीतल्या पंडितांनीही घातला नसेल. गुण हातात असतो की बाईत? बाईत असेल तर डाव्यानंही यायला हवं. हातात असेल तर प्लास्टरच्या आतूनही झिरपायला हवं. एकीनं सुचवलं, प्लास्टरवरून पाणी ओतून ते वाफ्यात सोडावं. डॉक्टरनं भिजवायचं नाही म्हणून सांगितलं होतं, नाहीतर त्या रात्रीत आत्याबाईंचा हात वाहूनच गेला असता. शेवटी वच्छलाकाकूंना सुचलं.

“पलस्तर घातलं म्हणजे डॉक्टरनं बांगड्या वाढवल्या असतीन नाई? मंग त्यातला एक तुकडा देजो मले. पह्यल्या रोपाखाली पुरतो. हातातली बांगडी म्हणजे हातच.”

वाढवल्या, म्हणजे फोडल्या. बांगडी फुटली असं बाई तोंडानं म्हणत नाही. तो शब्द उच्चारला की काहीतरी खरोखर फुटेल ही भीती. म्हणून फुटली की वाढली म्हणायचं, दिवा विझवताना निरोप द्यायचा. शब्दाचा तुकडा आणि वस्तू यांच्यात आम्ही बाया फार अंतर ठेवत नाही.

मी यांना बाजूला घेऊन विचारलं, “बांगड्या कुठं आहेत?”

“मले काय मालूम? दवाखान्यात राह्यल्या असतीन.”

“तुम्ही तिथंच होता ना?”

“मी हाताकडं पाहून राह्यलो होतो, बांगड्याइकडं नाई.”

आत्याबाईला विचारायला गेले तर ती डोळे मिटून पडली होती. गोळीनं ग्लानी आलेली. डाव्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या तशाच, उजवीकडं पांढरं प्लास्टर. बाहेर काकू आशेनं हात पसरून बसलेल्या. मी स्वयंपाकघरात गेले. माझ्या उजव्या हातात लग्नातल्या हिरव्या बांगड्या होत्या, सात. एक काढली. पाट्यावर ठेवली आणि बत्त्यानं अगदी हलकेच वाढवली.

काकूंनी तो तुकडा कपाळाला लावला. “सुभद्रेचा हातच हाय,” म्हणाल्या.

माझं पाप तिथंच थांबलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तीन बाया. एकीची कोबी, एकीची फुलकोबी, एकीचा सांबार. (परगावच्या वाचकांसाठी: कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, डोशाबरोबरचं ते वेगळं.) दुपारी आणखी पाच. मग रिसोडच्या वाटेवरच्या मळ्यांतून. त्या हिवाळ्यात माझ्या उजव्या हातातल्या सात बांगड्यांचे इतके तुकडे निघाले, की कोणी जोडले असते तर हत्तिणीच्या चारी पायांत बांगड्या होऊन वर सोंडेला एक उरली असती. तिसऱ्या दिवशी माझं उजवं मनगट उघडं पडलं. भरल्या घरातली नवी सून आणि उजवा हात भुंडा! मी पदर असा ओढून घेत असे, की बाया म्हणायला लागल्या, काय लाजरी पोरगी आहे धनजची.

आणि मामाजी? त्यांनीही मागितला. खोकून, इकडं तिकडं बघून, “तो एक तुकडा... आपल्यालेही लागन ना.” त्यांनी तो स्वतःच्या हातानं सरीच्या तोंडाशी पुरला. मग मातीकडं बघून समाधानानं म्हणाले, “हात बसला. आता लावणारं कोणीही चालते. चल, तू लाव.”

‘कोणीही’मध्ये मी बसले. तशी का होईना, वाफ्यात उतरले.

*

ते दोन दिवस मला आजही बोटांत आठवतात. डाव्या हातात रोपांची जुडी, भुंड्या उजव्यानं मातीत बोट खुपसायचं, मूळ सोडायचं, दोन बाजूंनी अंगठा दाबायचा. चिखल कोपरापर्यंत गार. पाणी सरीतून पुढं सरकायचं आणि मी त्याच्या मागं मागं, गुडघ्यांवर. ओल्या मातीत एक आवाज असतो, बारीक, बुडबुड्यांचा, जमीन पाणी गिळतानाचा. तो कान जमिनीजवळ नेल्याशिवाय ऐकू येत नाही. कंबर मोडली. मामाजी बांधावरून सूचना देत होते, सगळ्या चुकीच्या.

घरी आल्यावर आत्याबाईंचं काम. तिला भरवायचं, नेसवायचं, वेणी घालायची. भाजीवाल्या बाईचा उजवा हात गेला की घरातली किती कामं त्या एका हातात होती ते कळतं. नाडी बांधणं, उवा काढणं, विळीवर बसणं, कपाळाला कुंकू लावणं. कुंकू डाव्या हातानं लावायला ती तयार नव्हती. मी लावत असे. माझी करंगळी तिच्या कपाळावर टेकली की ती डोळे मिटायची, लहान पोरीसारखी.

वेणी घालताना निघालेला केसांचा गुंता मी एकदा खिडकीबाहेर टाकायला गेले तर ती दचकली. “अवं, टाकू नको! कोणाच्या हाती लागन. केस गेला म्हणजे माणूस गेला.” ती ते केस बोटाला गुंडाळून खुंटीच्या पिशवीत ठेवायला लावायची. माझी आईही असंच करायची. नख कापलं की वेचायचं, नाळ पुरायची, पोराचा पडलेला दात झाडाच्या मुळाशी. दृष्ट काढताना ज्याची लागली असेल त्याच्या पायाखालची चिमूटभर माती मिठामोहऱ्यांत घ्यायची. तो माणूस तिकडं बसस्टँडवर विडी ओढत उभा, आणि इकडं चुलीत त्याची माती तडतडतेय. मला हे तेव्हा हसण्यासारखं वाटे. आता वाटतं, ज्यांना अख्खं माणूस कधी हाती लागत नाही ते केसाला, नखाला, मातीला धरून ठेवतात. माझी आई माझी एक जुनी ओढणी लोखंडी पेटीत ठेवून होती. तीही जादूच की.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, वेणी घालतानाच, आत्याबाई आरशात न बघता म्हणाली, “किती बाया आल्या वं आज?”

“सहा.”

“काय म्हनत होत्या?”

“हात कसा आहे, विचारत होत्या.”

“हाताले विचारून राह्यल्या साऱ्या,” ती म्हणाली. “दुखते काय म्हून मले कोणीच नाई विचारलं.”

मी पेड घालायचं थांबले. तिचा आवाज तक्रारीचा नव्हता. भाव विचारावा तितका साधा होता. मला वाटलं, मीही विचारलेलं नाही. मी तिचं सगळं करत होते, पण मनात एकच गणित: बाई, तुझा हात लवकर बरा होऊ नको, मला अजून थोडी लावण करू दे. ते आठवून माझे कान गरम झाले.

मामाजी ओट्यावर दोर वळत बसले होते. त्यांनी ऐकलं असावं. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती; आमच्याकडं मारत नाहीत. ‘अवं ऐकते काय’ नाहीतर ‘हात’. माझ्या लक्षात आलं, वावरात उभं राहून ते जे ‘हात आणा, हात’ ओरडत, ते तेवढंच होतं त्यांच्याकडं. दुसरा शब्दच नव्हता. ते उठले, आत आले, खाटेच्या गातावर, कडेच्या लाकडावर, टेकले. बराच वेळ प्लास्टरकडं बघितलं, मग प्लास्टर सोडून तोंडाकडं.

“सुभद्रा,” ते म्हणाले, “लय दुखते काय वं?”

जो माणूस केनवडपर्यंत ऐकू जायचा त्याचा तो आवाज मला, हातभरावर बसलेल्या सुनेला, धड ऐकू आला नाही. आत्याबाईनं ऐकला. तिचे कान लाल झाले. “नाई,” म्हणाली, “सून समोर हाय, काही तरीच बोलता.” आणि मला: “पेड घट्ट घाल. ढिला पडून राह्यला.”

मी पेड घातला. समोरच्या भिंतीवरची पाल सोडली तर त्या खोलीत मान वर करून बघायची कोणाची हिंमत नव्हती.

*

लावल्यावर रोप लगेच धरत नाही. दुपारी मान टाकतं, रात्री विचार करतं, सकाळी एकतर उठतं नाहीतर उठत नाही. पहिले चार दिवस मी रोज सकाळी वावरात जायची ती देवळात जावं तशी, मनात चोरी घेऊन. दुपारी तीन हजार रोपं आडवी दिसली की माझ्या डोळ्यांसमोर आषाढातली मिरची उभी राहायची. मला वाटायचं, जमिनीखाली तो काचेचा तुकडा ओरडून सांगत असेल, मी सुभद्रेचा नाही, मी धनजचा आहे, मला येत नाही. आणि एकट्या माझ्या वावरात नाही. साऱ्या गल्लीच्या कांद्याखाली, कोबीखाली, सांबाराखाली तोच तुकडा. माझा नापास हात मी साऱ्या गावाला पुरून ठेवला होता. पीक गेलं असतं तर सगळ्यांचं एकदम गेलं असतं, आणि नाव आत्याबाईंचं गेलं असतं. तिनं तीस वर्षांत कमावलेलं नाव मी बत्त्यानं वाढवून बसले होते.

पाचव्या दिवशी धुकं होतं. वावराशी पोचेपर्यंत काही दिसेना. मी बांधावर उकिडवी बसले. धुकं आधी सरीवरून उठलं, मग पानांवरून, आणि एकेक रोप दिसायला लागलं, ताठ. पानाच्या टोकाला पाण्याचा एकेक थेंब. मी मोजायला लागले. शंभरापर्यंत मोजली आणि मग मोजता येईना, कारण डोळ्यांसमोर पुन्हा धुकं आलं होतं, या वेळी माझं स्वतःचं.

त्या वर्षी आमच्या गल्लीला असा भाजीपाला झाला की सांगितलं तर मला खोटारडी म्हणाल, म्हणून सांगतेच. एकेक कोबी एवढा, की एक विकायला नेला तर फटफटीच्या मागं माणसाला बसायला जागा उरत नसे. वच्छलाकाकूंचा एक कांदा कापला तेव्हा पाच घरं रडली. वांग्याच्या झाडाखाली आमची गाय हरवली आणि तिसऱ्या दिवशी जाडी होऊन बाहेर आली. आणि जो तो म्हणे, सुभद्रेचा हात. मोडला तरी हात तो हातच. नुसत्या बांगडीत एवढा गुण! मी भाकरी थापत ऐकत असे. भाकरी फुगे आणि मीही आतून फुगे, पण हे कोणाला सांगणार? बाजाराच्या दिवशी पहिल्यांदा कासाराकडं जाऊन उजवा हात भरला, तेव्हा कुठं पदर सैल सोडला.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून बारीक, पांढुरका, अनोळखी हात निघाला. आत्याबाई त्याला उलटसुलट करून बघत होती, पाहुण्याकडं बघावं तशी. पुढच्या हंगामात तिनं पहिलं रोप लावलं आणि जुडी माझ्या हातात दिली. “लाव,” म्हणाली. पुढं पुढं मामाजी ‘हात आणा’ ओरडले की आम्ही दोघीही निघायचो, एकमेकींकडं बघत, कोणाला बोलावलं ते न कळून. त्यांनाही कळत नसे. कोणतीही आली तरी ते गप्प होत.

मामाजी जाऊन चार हिवाळे झाले. आता वावर शांत असतं. ठिबकच्या नळीतून पाणी थेंब थेंब पडतं, तेवढाच आवाज.

*

परवा ट्रे आले त्याच दिवशी वच्छलाकाकूंची सून आली. तिचं लग्न होऊन वर्ष व्हायचं आहे. ओसरीत बसली, चहा घेतला, आणि मान खाली घालून म्हणाली, “काकू, उद्या आमच्या वांग्याले तुमचा हात लागन काय? आमच्या घरच्या आत्याबाईनं सांगतलं, सुभद्राआजीचा हात तुमच्यात उतरला म्हून.”

मी ‘येते’ म्हणाले. ती गेली. आणि माझं मनगट गार पडलं. इतक्या वर्षांत गाव मला हात म्हणायला लागलं होतं आणि त्या हाताच्या मुळाशी सात बांगड्यांचं खोटं होतं. आत्याबाई अंगणात उन्हाला बसली होती. आता तिला कमी दिसतं. शेंगा मात्र बोटांनीच निवडते, एक किडकी चुकत नाही. मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, उद्या कोणाच्या वाफ्यात पाय ठेवायचा तर आज हे बोलून टाकावं. नाहीतर त्या पोरीच्या रोपांना काय तोंड दाखवू?

“आत्याबाई,” मी म्हणाले, “तुमचा हात मोडला होता त्या साली बाया बांगडीचे तुकडे घेऊन गेल्या होत्या ना...”

“हं.”

“ते तुमच्या बांगड्यांचे नव्हते. तुमच्या दवाखान्यात राहिल्या. मी माझ्या वाढवल्या होत्या. साऱ्या गावाला माझेच तुकडे दिले. मामाजींनाही.”

तिनं हातातली शेंग सोलली. दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला. मग दुसरी घेतली.  मला वाटलं रडेल, रागावेल, निदान हसेल.

“दवाखान्यात कायच्या राह्यतीन?” ती म्हणाली. “रोप लावाले निघालो की उजव्या हातातल्या मी घरीच काढून ठेवतो. काच लागून कोवळी दांडी मोडते.”